पाण्याचा हिशेब

रोहिणी नक्षत्र सरत आले आणि आभाळ कुंद होऊ लागले म्हणजे, कोकणात जिला आगोट म्हणतात त्या पावसाळ्याच्या बेगमीची पूर्वी घरोघर जी धांदल उडे, ती तयार बरण्यांच्या सुळसुळाटाने संपुष्टात आली, अशी हळहळ दरसाल व्यक्त होते. चवीपुरते बोलायचे तर बाजाराशी माझे भांडण नाही. परंतु टिकाऊ पदार्थ घरी करताना पाण्याचा जो बारीक हिशेब ठेवावा लागे, त्याची वहिवाट मोडू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कैऱ्या धुऊन, पुसून, पंचावर सावलीत पसरून, मग अडकित्त्याने फोडल्या, की किलोभर फोडींना पाव किलोच्या आसपास मीठ लागते, आणि जो येथे हात आखडता घेतो त्याच्यावर आषाढातच बुरशीची जप्ती येते. मीठ फोडींतले पाणी ओढून काढते. तोच आंबट खार पुढे फोडींना सांभाळतो, मोहरीचा झणका जंतूंना आवरतो, आणि गार करून ओतलेली फोडणी बोटभर वर राहून हवेचा शिरकाव रोखते. फोडींतून सुटलेले पाणी चालते, नळाचा एक थेंब चालत नाही.

लोण्याचे प्रकरण याहून नाजूक. विरजलेली साय घुसळताना उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट पाण्याचा हबका मारावा लागतो. रवीचा आवाज जड होतो, फेस फाटतो, आणि मोहरीएवढे कण एकमेकांना बिलगू लागतात. तो गोळा ताकाचा अंश जाईपर्यंत धुतला, तरी त्यात शंभरात १५-१६ भाग, कधी अधिकही, पाणी उरतेच. म्हणून त्याचे आयुष्य थोडे. कढवायला ठेवल्यावर जी तडतड ऐकू येते ती या पाण्याच्या निरोपाची, आणि ती थांबून बेरी तांबूस झाली की तूप उतरवायचे, हे कान सांगतो, घड्याळ नव्हे.

कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्यांची मापे देऊन नवख्या गृहिणींची मोठी सोय केली, पण बरणीच्या कोरडेपणाला वाटीचे माप लागू पडत नाही. तो अदमास सासूकडून सुनेकडे जाई. मुलग्यांकडे तो कोणी सोपवलाच नाही, आणि परंपरेचा जयघोष करणाऱ्या आम्हा पुरुषमंडळींपैकी रवीची दोरी ओढलेले किती, याची मोजदाद न केलेली बरी.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आमची लोणच्याची बरणी नासली. आईने दादरा सैल बांधल्याचा ठपका सुनेवर ठेवला, पत्नीने कैऱ्याच जून नव्हत्या असे हळूच सुचवले, आणि रोज रात्री दहीभाताशी फोड हवी म्हणून ताटातलाच चमचा बरणीत घालणारा मी, दोघींच्या मध्ये बसून, मीठ कमी पडले असावे, असा अभिप्राय देत होतो.