स्वभाव गुन्हेगार, व्यवस्था निर्दोष!

गोरेगाव तालुक्यात धानाची रोवणी सुरू झाली की मजुरांच्या टंचाईची ओरड उठते आणि तिच्या मागोमाग एक जुने वाक्य कानी पडते: इथला मजूर मुळातच आळशी. कापणी-मळणी आटोपल्यावर हाच मजूर बायकामुलांसह नागपूर-हैदराबादच्या बांधकामांवर उन्हातान्हात राबतो, तेव्हा मात्र हे विशेषण कोणाला आठवत नाही. गावात आळशी असलेला माणूस शहरात पोहोचताच कष्टाळू कसा होतो, हा प्रश्न विचारण्याची तसदी हे वाक्य उच्चारणारे घेत नाहीत. त्यांना स्वभाव जाणून घ्यायचा नसतो. त्यांना मजुरीच्या दराची चर्चा टाळायची असते.

या वाक्याला आता शास्त्राची झूल मिळू लागली आहे. म्हणून स्वभावाविषयीचे दोन प्रमुख सिद्धान्त नेमके काय म्हणतात, हे तपासणे अगत्याचे आहे.

पहिला सिद्धान्त गुणवैशिष्ट्यांचा. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. रेमंड कॅटेल यांनी संख्याशास्त्राच्या साहाय्याने अशा शब्दांना १६ घटकांत बसविले. पुढे नवानुभवाची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता या पाच गुणांची चौकट सर्वमान्य झाली. प्रश्नावली भरून घ्यावयाची, गुण मोजावयाचे आणि माणसाचा आलेख काढावयाचा, ही तिची रीत. मोजमाप म्हणून तिचे मोल आहे. एकाच घरातील दोन भाऊ भिन्न वृत्तीचे असतात, हे कोणीच नाकारणार नाही. परंतु ही चौकट माणूस कसा आहे एवढेच सांगते. तो तसा का आहे, यावर ती मौन पाळते. आणि या मौनाच्या जागी सत्ताधाऱ्यांचे पूर्वग्रह आरामात मुक्काम ठोकतात.

ही भीती काल्पनिक नाही. आजचा गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग होता आणि इंग्रजी अमदानीत हा मुलूख मध्यप्रांतात मोडे. त्या प्रांतातील जातीजमातींचा चार खंडांचा ग्रंथ रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केला. माहितीचा तो मोठा ठेवा आहे. पण अनेक जातींच्या चालीरीतींबरोबर त्यात त्यांचा स्वभावही नोंदलेला आहे, जणू तोही पेहरावासारखा जातीला चिकटलेला असावा. याच विचारसरणीने त्याआधी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अवघ्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या, त्यांच्या मुलाबाळांना हजेरी आणि तारेचे कुंपण नशिबी आले. सोलापूरची सेटलमेंट महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा इतिहासजमा झाला. पारध्यांच्या पालावर पडणारी संशयाची नजर मात्र झाली नाही.

याच ग्रंथात वैनगंगेच्या खोऱ्यातील कोहळी समाजाचे तलाव बांधण्याचे कौशल्य वाखाणलेले आहे. नवेगावबांधचा तलाव आजही त्याची साक्ष देतो. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली. जमीनदारीचा अंत न्याय्यच होता. पण तलावांची मालकी सरकारकडे जाताना पाटदुरुस्तीची आणि गाळ उपसण्याची गावाची जबाबदारी व अधिकार यांची नवी घडी कोणी बसविली नाही. असंख्य तलाव गाळाने भरले. मग त्या समाजाचा उद्यमशील स्वभाव एका कायद्यासरशी आटला काय? माणसे तीच होती, रक्त तेच होते. बदलले होते ते पाण्यावरील हक्कांचे नाते. गुणवैशिष्ट्यांच्या कोणत्याही तक्त्यात या नात्याला रकाना नाही.

दुसरा सिद्धान्त उत्क्रांतीचा. तो 'का' असा प्रश्न विचारतो आणि म्हणूनच अधिक मोलाचा ठरतो. एकच स्वभाव सर्वांत श्रेष्ठ असता तर निसर्गनिवडीने बाकीचे केव्हाच पुसून टाकले असते. नेदरलँड्समध्ये चिमणीएवढ्या एका पक्ष्याचा अभ्यास झाला. त्यात धीट आणि सावध पक्ष्यांचे जगण्याचे प्रमाण खाद्याच्या सुकाळ-दुष्काळानुसार वर्षागणिक उलटसुलट होत असल्याचे आढळले. डॅनियल नेटल यांनी २००६ साली हाच विचार माणसाला लावला: प्रत्येक वृत्तीचा काही लाभ असतो, काही किंमत असते आणि हा हिशेब परिस्थितीच ठरविते. पाच गुणांची चौकटही सार्वत्रिक नसावी. बोलिव्हियातील त्सिमाने या शेती-शिकारीवर जगणाऱ्या समाजात ती नीट आढळत नाही, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

उत्क्रांतीच्या नावाने झालेले पापही लपविण्याचे कारण नाही. हर्बर्ट स्पेन्सरच्या सूत्राचा आधार घेऊन गिरणीमालकांनी आपल्या नफ्याला निसर्गनियमाचा दर्जा दिला. त्याला क्रोपोटकिन यांनी १९०२ साली परस्पर साहाय्याच्या पुराव्यांनी उत्तर दिले. आपल्याकडे जातिभेद म्हणजे नैसर्गिक कुवतीनुसार झालेली श्रमविभागणी, असे समर्थन होई. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या प्रबंधात त्याच्या चिंधड्या उडविल्या. अर्थात, उत्क्रांतीने जे घडले ते योग्यच होय, असे उत्क्रांतिशास्त्र कोठेही म्हणत नाही. तसे म्हणतात ते लाभधारक.

स्वभावातील भेदांपैकी ४० ते ५० टक्के भेद आनुवंशिक असतात, हा शेवटचा हुकमाचा पत्ता म्हणून टाकला जातो. त्यावर जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० साली दिलेले उत्तर धान पिकविणाऱ्याला सहज उमगेल. एकाच पोत्यातील मिश्र बियाणे दोन बांध्यांत पेरा. एका बांधीला खतपाणी द्या, दुसरीला देऊ नका. प्रत्येक बांधीच्या आतील रोपांचा लहानमोठेपणा बियाण्यामुळे असेल. पण दोन बांध्यांतील तफावत केवळ खतपाण्याची असेल. पाटाच्या शेपटाकडील बांधीचे धान खुरटले म्हणून तिच्या बियाण्याला दोष देणारा शेतकरी गोरेगावात सापडणार नाही. माणसांच्या बाबतीत मात्र हाच न्याय बिनदिक्कत लावला जातो.

आज नोकरभरतीत स्वभावचाचण्यांचा वापर रूढ झाला आहे. भातगिरणीच्या हमालाचा किंवा विडी वळणाऱ्या बाईचा मुलगा त्या परीक्षेला बसतो, तेव्हा त्याच्या सावधपणाला न्यूनता म्हटले जाते. ज्या घरात एक चूक म्हणजे एक उपवास, तेथे सावधपणा हे शहाणपण असते. चाचणीला ते कळत नाही. कळावे अशी तिची रचनाही नाही.

म्हणून गुणवैशिष्ट्यांची मोजपट्टी संशोधकांनी अवश्य वापरावी. माणसाच्या भाकरीचा निवाडा तिच्या हाती देऊ नये. मजुराचा स्वभाव मोजण्याआधी त्याची मजुरी मोजा, त्याच्या कामाचे दिवस मोजा, शेपटाच्या बांधीपर्यंत पोहोचणारे पाणी मोजा. तेवढे झाल्यावरही आळसाचा काही अंश शिल्लक उरलाच, तर त्याची चर्चा करू; आणि ती मजुराबरोबर मालकाच्याही स्वभावाची करू.