टिपऱ्यांच्या घरी पुन्हा पुन्हा

वॉर्डात संध्याकाळची फेरी घेताना एखाद्या आजोबांच्या मोबाइलमधून ओळखीचा आवाज येतो. दिलीप प्रभावळकरांचे आबा! ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ २००१ मध्ये ‘अल्फा मराठी’वर सुरू झाली. वीसहून अधिक वर्षे उलटली, तरी ती आवडीने पाहिली जाते. निव्वळ स्मरणरंजन म्हणून याला हसू नये.

पुढे काय होणार हे ठाऊक असले, की मन निवांत होते. आजारपणात उद्याची शाश्वती नसते. तेव्हा हा दिलासा मोठाच. स्मृतिभ्रंशात बहुधा ताज्या आठवणी आधी पुसट होतात, जुन्या तुलनेने टिकतात. म्हणून जुनी गाणी, फोटो, मालिका यांच्या आधाराने रुग्णाला बोलते करतात. त्याने आजार बरा होत नाही. पण मन रमते, संवाद सुरू होतो.

मात्र एक गोष्ट नजरेआड होते. टिपऱ्यांच्या घरात आबांचे ऐकायला मुलगा, सून, नातवंडे होती. आपणही ती मालिका घरच्यांसोबत बसून पाहिली. आज तेच आजोबा ती मोबाइलवर एकटे पाहतात. मालिका एकटेपणाचा घटकाभर विसर पाडते, तो घालवत नाही. ते काम माणसांचे.

म्हणून नातेवाइकांना माझे सांगणे एवढेच : औषधांच्या वेळा पाळता, तशी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा. शेजारी बसून एक भाग पाहा. मग टीव्ही बंद करून विचारा, ‘तेव्हा आपल्या घरी कसं होतं?’ आणि उत्तर संपेपर्यंत उठू नका.