‘बोल्ड’ आणि ‘आगाऊ’

मराठी समीक्षेने इंग्रजीतून जी विशेषणे उसनी घेतली, त्यांत ‘बोल्ड’इतके वापरून गुळगुळीत झालेले दुसरे नसेल. नाटकात शय्या आली, कथेत शिवी आली, कवितेत शरीराचा एखादा अवयव नावानिशी आला, की परीक्षणात हे विशेषण येते; आणि ते आले की परीक्षणाचे काम संपते. छापखान्यात याच नावाचा टाइप असतो. त्यात अक्षर जाड होते, मजकूर तोच राहतो. समीक्षेतले ‘बोल्ड’ याहून फारसे निराळे काही करीत नाही.

शब्द परका आहे ही अडचण नव्हे. मर्यादा ओलांडणाऱ्या वर्तनासाठी इंग्रजीत विशेषणांची मोठी शिडी आहे आणि तिच्यातली सर्वांत निरुपद्रवी पायरी मराठी समीक्षकाने उचलली, ही खरी अडचण. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला ‘प्रिझम्प्च्युअस’ हे विशेषण शिकताना ‘उद्धट’, ‘धृष्ट’ असे प्रतिशब्द मिळतात आणि तो पुढे जातो. वस्तुतः त्या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘आधीच घेणे’ असा आहे : जे अजून कोणी दिलेले नाही ते आपलेच आहे असे गृहीत धरून वागणे. मराठीत याला आयता शब्द आहे, ‘आगाऊ’. आगाऊ रक्कम म्हणजे काम होण्यापूर्वी घेतलेली रक्कम. आगाऊ पोरगी म्हणजे बोलण्याची परवानगी मिळण्यापूर्वी बोललेली पोरगी. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच रूपकाला हात घातला, ही गोष्ट कोशकारापेक्षा समीक्षकाने अधिक मनावर घ्यायला हवी होती.

कारण ‘आगाऊ’मध्ये बोलणाऱ्याची जागा कोरलेली असते. सासऱ्याला, मालकाला, गुरुजींना कोणी तोंडावर आगाऊ म्हणत नाही. ते सुनेला म्हणतात, गड्याला म्हणतात, धाकट्याला म्हणतात. हे विशेषण वरून खाली येते आणि येताना मर्यादा कोणी आखली तेही सांगून जाते. ‘बोल्ड’ मात्र बरोबरीच्याने बरोबरीच्याला दिलेली शाबासकी आहे. तीत सीमा आहे, पण सीमेचा मालक नाही.

जुन्या काव्यशास्त्रालाही हा भेद ठाऊक होता. अपराधाच्या खुणा अंगावर असून न लाजणारा ‘धृष्ट’ हा नायकाचाच एक प्रकार. त्याचे नायकपद काही जात नाही. नायिकेला ‘प्रगल्भा’ होता येते, पण ते शृंगाराच्या चौकटीत. पुढे मराठीत ‘धृष्ट’चा ‘धीट’ झाला आणि स्नेहसंमेलनात न अडखळता बोलणाऱ्या मुलाच्या वाट्याला आला, तर ‘प्रगल्भ’मधला धीटपणा ओसरून परिपक्वता तेवढी उरली. शब्दांना हे शहाणपण येण्यास शतके लागली. समीक्षक ते एका परिच्छेदात उरकतो.

१९७२ हे वर्ष घ्यावे. ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘गोलपिठा’ एकाच वर्षातले, आणि दोहोंवर हेच विशेषण चिकटवता येते, यातच त्याची निरर्थकता उघड होते. सखाराम विवाहसंस्था झुगारतो. पण टाकलेल्या बाईला घरात आणताना तो जे नियम ऐकवतो, त्यांत नवऱ्याची सत्ता शाबूतच असते. त्या घरात आगाऊ कोणी असेल तर ती चंपा. सेन्सॉरशी झालेल्या झगड्याच्या गोंगाटात नाटकाचा लेखक धीट ठरला आणि चंपेचा आगाऊपणा, जो नाटकाचा खरा स्फोटक ऐवज, तो चर्चेत दुय्यम राहिला. ‘गोलपिठा’चे उल्लंघन तर वेगळ्याच जातीचे. ढसाळांनी वेश्यावस्ती कवितेत आणली हे त्यातले सर्वांत कमी महत्त्वाचे. शब्दांचे अर्थ वाचकाला लागतील की नाही याची फिकीर न करता, म्हणजे प्रमाणभाषेची परवानगी येण्यापूर्वीच, ते बोलून मोकळे झाले. या कृतीला ‘बोल्ड’ म्हणणे म्हणजे तिला दिवाणखान्यात बसवून चहा देणे.

फुकोने १९६३ साली बाताईवर लिहिताना मर्यादा आणि तिचे उल्लंघन परस्परांवाचून उभे राहू शकत नाहीत, असे मांडले होते. त्यातले ‘उल्लंघन’ मराठीत आले. मर्यादेची चौकशी मात्र मागेच राहिली.

‘आगाऊ’ ही शिवी आहे, तिला समीक्षेची संज्ञा करणे म्हणजे वरच्याची नजर पत्करणे, असा आक्षेप येईल. पण शिवी देणाऱ्याचा पत्ता शिवीतच असतो. ‘बोल्ड’ने तो पुसला जातो. ताराबाई शिंद्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली निघाले, सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर. त्यावर झालेल्या टीकेचा समाचार जोतीराव फुल्यांना १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये घ्यावा लागला. त्या टीकाकारांना निदान एवढे कळले होते, की ही बाई आपल्या हद्दीत शिरली आहे. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा उजेडात आणले आणि त्याला ‘धीट’, ‘धाडसी’ म्हणण्याची सोय झाली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. पहिल्याला धाडसी म्हणणाऱ्यांपैकी किती जण या दुसऱ्याच्या नसण्याविषयी लिहितात?