पडद्यावरची गाडी अडखळते का?

बालदोस्तांनो, संगणकावर मोटारींची शर्यत खेळताना हा अनुभव तुम्हाला आलाच असेल. मोकळ्या रस्त्यावर गाडी सुसाट पळते. पण चार-पाच गाड्या जवळ आल्या, धूळ उडाली, की ती बेडकासारखी उड्या मारू लागते. वळण येतं आणि गाडी थेट कठड्यावर! मग घरात एकच हट्ट, "बाबा, नवीन कॉम्प्युटर घ्या ना!"

थांबा! बाबांच्या खिशात हात घालण्याआधी गाडी का अडखळते ते पाहू या.

खरं तर पडद्यावर गाडी पळतच नाही. एकामागून एक स्थिर चित्रं येतात आणि आपल्याला ती पळाल्यासारखी वाटते. सिनेमाचंही असंच. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून आपल्या पुण्यात आली. आज त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे. बोलपटात सेकंदाला २४ चित्रं पुरतात, पण ती आधीच काढून ठेवलेली असतात. खेळात तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हे संगणकाला काय ठाऊक? त्याला प्रत्येक चित्र आयत्या वेळी काढावं लागतं.

१९२० × १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं काढायची, तर १२ कोटींहून जास्त ठिपके रंगवायचे! हे काम ग्राफिक्स कार्डाचं. त्यात सावल्या, काचेतली प्रतिबिंबं, धूर यांची भर पडली की बिचारं दमतं आणि चित्रं कमी निघतात.

आता गणित करा. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. ६० चित्रं असली, तर दोन चित्रांमध्ये गाडी सुमारे ८३ सेंटिमीटर सरकते. १० च असली, तर तब्बल ५ मीटर! मारुती ८०० ची लांबी साडेतीन मीटरसुद्धा नाही. मग वळण हातचं निसटणारच!

उपाय फुकटचा आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये आधी सावल्या कमी करा, मग प्रतिबिंबं, मग पडद्यावरचे ठिपके. मात्र एका वेळी एकच बदल, आणि दर वेळी त्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहायची. ठिपके कमी करूनही फरक पडला नाही, तर बहुधा कार्ड नव्हे, प्रोसेसर कमी पडतोय. लॅपटॉप गादीवर ठेवू नका. हवा कोंडली की तो तापतो आणि आपला वेग स्वतःच कमी करतो.

एवढं करूनही जमलं नाही, तर नेमकं काय बदलायचं ते तुम्ही बाबांना सांगू शकाल. कदाचित अख्खा संगणक घ्यावा लागणारही नाही.

आणि हो, जुन्या वहीच्या कोपऱ्यात २४ पानांवर थोडी थोडी पुढे सरकणारी मोटार काढा. अंगठ्याने पानं भरभर सोडा. मग मधली दहा पानं फाडून पुन्हा बघा. गाडी कुठे उडी मारते?