लाल टिकली कोणाच्या कामाची?

शाळा उघडल्या, पायाभूत चाचण्या आटोपल्या आणि आता वर्गावर्गांत कार्डशीटचे तक्ते लागतील. डावीकडे मुलांची नावे, वर अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट हे वाचनाचे टप्पे आणि चौकटींत हिरव्या, पिवळ्या, लाल टिकल्या. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणातील चाचणीमुळे हे टप्पे आपल्या अंगवळणी पडले, आणि २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासकीय कार्यक्रम सुरू झाल्यावर तक्त्यांना जोर चढला. तक्ता एका दुपारी होतो, केंद्रप्रमुखांना दारातूनच वाचता येतो. दोनशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्याला कोणता गट कुठे अडला आहे, हे एका नजरेत कळते. हे सगळे मान्य. तरीही मुलांच्या नावांनिशी भिंतीवर लावलेल्या रंगीत तक्त्याला आमचा विरोध आहे.

रंगाचा शहाणा वापर पाहायचा तर शेजारच्या अंगणवाडीत डोकवावे. वाढीच्या आलेखात हिरवा पट्टा म्हणजे वजन ठीक, पिवळा म्हणजे मध्यम कमी, नारिंगी म्हणजे तीव्र कमी. दंडघेराच्या पट्टीवर माप ११.५ सेंटिमीटरच्या खाली, लाल भागात आले की पुढची कामे ठरलेली असतात: जादा आहार, गृहभेट, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पोषण पुनर्वसन केंद्र. लाल दिसताच मोठी माणसे कामाला लागतात. ‘वजन का वाढवत नाहीस’ म्हणून त्या बाळाला कोणी दटावत नाही. शाळेत लाल टिकली लागल्यावर कोण कामाला लागते? बहुतेकदा ते मूलच, आणि तेही एकटे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. वर्षभर तक्त्याच्या तळाशी राहिलेल्या नावाला रोज काय वाटते, याचा विचार त्या कलमाच्या उजेडात व्हायला हवा.

‘पण रंगामुळे मुलांना हुरूप येतो’ असे म्हटले जाते. ज्यांची चौकट हिरवी होते त्यांना येतो, हे खरे. इस्रायलमधील संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाला कामावर फक्त शेरा मिळाला, दुसऱ्याला फक्त गुण, तिसऱ्याला दोन्ही. शेरा मिळालेल्यांचे काम सुधारले आणि गोडीही टिकली. तिसऱ्या गटाला मात्र शेऱ्याचा फायदा झाला नाही, गुणांनी तो झाकोळून टाकला. टिकली हाही गुणच. आपल्याकडे २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले, वर्णनात्मक नोंदी सुरू झाल्या. ‘जोडाक्षर आले की थांबतो’ या एका नोंदीत जे आहे ते दहा लाल टिकल्यांत नाही. (त्या नोंदींचीही आपण पुढे छापील वाक्ये करून टाकली, तो विषय वेगळा.)

मग रंग टाकूनच द्यायचे का? मुळीच नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील पॉल ब्लॅक, डिलन विल्यम आणि त्यांचे सहकारी यांनी मेडवे आणि ऑक्सफर्डशायरमधील शिक्षकांबरोबर जे काम केले, त्यात रंग लावणारे हात मुलांचेच होते. आपल्याला कितपत समजले ते मूल हिरव्या, पिवळ्या किंवा लाल खुणेने सांगे. मग हिरवे आणि पिवळे जोडीने बसून एकमेकांच्या शंका फेडत आणि शिक्षक लालवाल्यांजवळ जाऊन बसत. म्हणजे लाल खूण केली की शिक्षकांचा वेळ मिळे. आपल्या वर्गात हे करताना एक पथ्य पाळावे लागेल. लाल दाखवणाऱ्याला एकदा जरी बोलणी बसली, तर दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग हिरवा होईल!

ग्रंथपेटीलाही रंग चालतात. बंगळुरूच्या हिप्पोकॅम्पस रीडिंग फाउंडेशनने वाचनाच्या पायऱ्यांनुसार पुस्तकांना रंग दिले. त्यात पहिली, सर्वांत सोपी पायरी हिरवी आहे, त्यामुळे हिरवा म्हणजे हुशार आणि लाल म्हणजे ढ हा सिग्नलचा अर्थ तिथे चिकटत नाही. हे छोटे शहाणपण उचलण्यासारखे आहे.

एक गोष्ट आपल्या तक्त्यांत हमखास राहून जाते. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारी मुले वर्गात असू शकतात, आणि हा दोष एक्स गुणसूत्रावरून येत असल्याने ते बहुतेक मुलगेच असतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. आपल्याकडे ते काहीसे कमी धरले, तरी मोठ्या पटाच्या शाळेत अशी मुले असणारच. म्हणून रंगासोबत चौकोन, त्रिकोण, गोल अशी खूणही ठेवावी.

नावांचा तक्ता शिक्षकांच्या नोंदवहीत असावा. लाल चौकटीपुढे तारीख आणि ‘मी काय करणार’ याची एक ओळ लिहावी, तीन आठवड्यांनी ती पुन्हा तपासावी. मुलाकडे त्याची स्वतःची पट्टी असावी, मागच्या महिन्यात कुठे होतो आणि आज कुठे आहे एवढेच सांगणारी. पालकसभेत प्रत्येक पालकाला फक्त आपल्या मुलाचीच पट्टी दाखवावी. अधिकाऱ्यांना तक्ता हवाच असेल तर नोंदवही उघडून दाखवावी, आणि केंद्रप्रमुखांनीही भिंतीऐवजी तीच मागावी. येत्या शिक्षण परिषदेत हा विषय जरूर घ्या आणि काय ठरले ते आम्हाला कळवा.