पेशी आपल्या, प्रयोग कुणाचा?

रुग्णाच्याच मूळपेशी लावलेली कृत्रिम श्वासनलिका! स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात २०११-१२ मध्ये शल्यविशारद पाओलो मॅकियारिनी यांनी ती तिघांना बसवली. तिघेही दगावले. २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मॅकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा ठोठावली.

'तुमच्याच पेशी' म्हटले की रुग्णाच्या नातेवाईकांचा संशय संपतो, डॉक्टर देव होतो. केवळ गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या बुद्धांचे आपण अनुयायी. तरी आपल्या वस्तीतला माणूस इंग्रजी संमतीपत्रावर न वाचता अंगठा उठवतो! पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्येच बजावले आहे. आमचे सांगणे इतकेच: कागद मराठीत मागा. हा उपचार आहे की प्रयोग, आणि आधी प्राण्यांवर चाचणी झाली काय, हे सहीपूर्वी विचारा.