रंग दुर्मीळ, माहिती त्याहून दुर्मीळ

पुणे-सातारा महामार्गावर शिवरे, नसरापूर पट्ट्यात फार्महाऊसं वाढली, तशा फाटकांवरच्या ‘कुत्र्यापासून सावध’ या पाट्याही वाढल्या. पाटीमागचं कुत्रं आता गावठी राहिलेलं नाही. नुसत्या काळ्या डाबरमनवरही हल्ली भागत नाही, निळा लागतो. लॅब्राडॉर ‘सिल्व्हर’ हवा, डॅशहंड ठिपक्या-ठिपक्यांचा ‘मर्ल’ हवा. जाहिरातीत ‘रेअर कलर’ हे दोन शब्द पडले की भाव वर चढतो.

शिवऱ्यातल्या एका बागायतदाराकडे असाच निळा डाबरमन आहे, दोन वर्षांचा. पिल्लू आणलं तेव्हा अंग राखाडी मखमलीसारखं होतं. आता पाठीवरचे केस विरळ झालेत, कातडीवर कोंडा धरलाय आणि मधूनमधून पुटकुळ्या उठतात. भुवयांवरचे, तोंडावरचे आणि पायांवरचे तांबूस केस मात्र जसेच्या तसे दाट. घरच्यांनी खरूज समजून इंजेक्शनं दिली, कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळी घातल्या. कातडी खरवडून तपासली, तर खरजेचा एक किडा सापडला नाही. केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा उलगडा झाला. रंगाचे कण सारखे पसरण्याऐवजी जागोजागी गुठळ्या करून बसले होते. अशा गुठळ्यांपाशी केस कमजोर होतो आणि तुटतो. तांबूस केसांत तो काळा रंगकण नसतो, म्हणून ते वाचतात. या विकाराचं नाव ‘कलर डायल्यूशन अलोपेशिया’. तो साधारण सहा महिन्यांनंतर, कधी तिसऱ्या वर्षापर्यंत दिसू लागतो. म्हणजे पैसे देऊन झाल्यावर बऱ्याच काळानं. तो बरा होत नाही, कातडी जपावी लागते.

“विकणारा म्हणाला होता, असा रंग तालुक्यात दुसरा नाही,” मालक सांगतात. रंगाबद्दल तो खरंच बोलला. बाकीचं बोललाच नाही.

माझी तक्रार रंगाबद्दल नाही, या न बोलण्याबद्दल आहे. निळा रंग येतो तो एका जनुकाची फिकट प्रत आई आणि बाप दोघांकडूनही मिळाल्यावर. दोघंही दिसायला काळेभोर असू शकतात. प्रत्येक निळ्या कुत्र्याचे केस गळतात असंही नाही. वायमारनर ही अख्खी जात याच फिकट रंगाची आहे आणि तिच्यात हा त्रास क्वचितच दिसतो. डाबरमनमध्ये मात्र तो नेहमीचा आहे. हा फरक ज्या ब्रीडरला ठाऊक नाही, त्यानं पिल्लं काढू नयेत. ज्याला ठाऊक असून सांगत नाही, तो फसवतो.

मर्लचं प्रकरण याहून गंभीर. एक पालक मर्ल आणि दुसरा एकरंगी असेल, तर पिल्लं बहुधा ठीक निघतात. पण दोन मर्लची जोडी लावली की दर चार पिल्लांमागे सरासरी एकाला हे जनुक दोन्हीकडून मिळतं. असं पिल्लू बहुतांशी पांढरं होतं आणि त्याला बहिरेपणाचा, आंधळेपणाचा किंवा डोळे खुजे राहण्याचा मोठा धोका असतो. भावंडांत असताना बहिरं पिल्लू ओळखूही येत नाही, कारण बाकीची धावली की तेही धावतं. म्हणून पिल्लू भावंडांपासून वेगळं, झोपलेलं असताना पाठीमागून आवाज करून पाहावा. एकाच कानाचा बहिरेपणा मात्र असा कळत नाही. त्याला ‘बेअर’ ही कानांची विद्युत चाचणीच लागते.

यावर ‘मान्यताप्राप्त रंगच घ्या’ असा सल्ला कुणी देईल. तो अपुरा आहे. डाल्मेशियनचे ठिपके ही त्या जातीची शानच. तरी अमेरिकेतल्या तपासण्यांत सुमारे ३० टक्के डाल्मेशियन एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले. आपल्याच देशातल्या, २००५ साली टपाल तिकिटावर झळकलेल्या पांढऱ्याशुभ्र राजापालयममध्येही बहिरेपणा आढळतो. लॅब्राडॉरचा चॉकलेटी रंग पूर्ण मान्य. पण ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चॉकलेटी लॅब्राडॉरचं मध्यम आयुष्य १०.७ वर्षं भरलं, इतर रंगांचं १२.१. कानाचा दाह काळ्यांत १२.८ टक्के, चॉकलेटींत २३.४ टक्के. उलट पांढऱ्या अल्सेशियनला प्रदर्शनात जागा नाही, पण त्या रंगापायी त्याला आजार जडत नाही. मान्य म्हणजे निरोगी आणि अमान्य म्हणजे रोगी, असा सरळ हिशेब इथे लागत नाही. प्रत्येक जातीत प्रत्येक रंगाची चौकशी वेगळी करावी लागते आणि ती करून देणं हे ब्रीडरचं काम.

हे काम करता येतं, याचा एक चांगला दाखला आहे. अमेरिकेत १९७६ साली पांढरी डाबरमन मादी जन्मली आणि तिच्या वंशाचा धंदा सुरू झाला. हा पांढरेपणा अंशतः वर्णहीनतेचा. अशा कुत्र्यांना ऊन सोसत नाही आणि पुढे एका अभ्यासात त्यांच्यापैकी अर्ध्याहून अधिकांना रंगपेशींच्या गाठी सापडल्या. तिथल्या डाबरमनवाल्यांनी आग्रह धरून १९९६ पासून त्या वंशाच्या, दिसायला नेहमीच्या रंगाच्या कुत्र्यांच्याही नोंदणी क्रमांकात ‘डब्ल्यूझेड’ ही अक्षरं घालायला लावली. घेणाऱ्याला कागदावरच कळतं.

आपल्याकडेही कायदा आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार ब्रीडरनं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे. मादी १८ महिन्यांहून लहान नको, आठ वर्षांहून मोठी नको. वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचाहून अधिक नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. पण पिल्लं विकली जातात व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर. याच पट्ट्यातला शेतकरी बैल घेताना दात मोजतो, चालवून बघतो, औताला जुंपून बघतो, खोड विचारतो. तोच माणूस हजारो रुपयांच्या पिल्लाची आईसुद्धा बघत नाही.

तेव्हा रंग आवडला तर जरूर घ्या, पण आधी चार गोष्टी मागा. नोंदणीचा दाखला. आई समोर, बाप निदान कागदावर, आणि दोघांचे रंग. याच जोडीच्या आधीच्या वेतातली, आता मोठी झालेली पिल्लं ज्यांच्याकडे आहेत अशा दोघांचे फोन नंबर. आणि जनुकीय किंवा कानाच्या चाचणीचा अहवाल. नसेल तर ‘केलेली नाही’ असं लेखी. पैसे दिल्याची पावती जपून ठेवा. खोटं सांगून विकलं असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्कही नाही. या चारांपैकी एकाही प्रश्नावर विकणारा ‘एवढं कोण विचारतं?’ म्हणाला, तर पिल्लू कितीही देखणं असो, तिथून उठा.